मागचा जॅक

मी गाडी समोरून कधी नीट पाहिलीच नाही.
म्हणजे पाहिली, फ्लेक्सवर,
नाशिक फाट्याला लावला होता तो.
कामात माझ्या वाट्याला तिची पाठ.
ती येते, मी पट्टी खाली सरकवतो, दांडा दाबतो,
अख्खं मागचं धूड माझ्या कोपरांवर येतं
आणि मी धरून ठेवतो,
शिंक येते-येते म्हणेपर्यंतच.

दोन पूर्णांक सहा सेकंद.
यंदा कुणालाच जमलं नाही.

भोसरीत आमचा गाळा.
अलीकडे स्प्रिंगवाले, पलीकडे पापडाची मशिनं करणारे.
लोक विचारतात, इथून?
इथून.
लांडगेआबांच्या लेथवरून हब उतरतो,
शाल्मली गद्रे चष्मा कपाळावर चढवून मोजते,
पुन्हा मोजते,
आणि म्हणते, "ठीक आहे."
पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं.

ओजस रणपिसेबद्दल काय सांगू.
बाकीचे जिथे ब्रेक दाबतात
तिथे तो अजून गॅसवर असतो,
आणि वळणातून बाहेर पडतो
जणू गल्लीतून दूध आणायला निघालाय.

पण खरं बळ विचाराल, तर आम्ही बोलत नाही.
अठरा हात, शब्द एक नाही.
सराव रात्री, दुसरी पाळी सुटायच्या आत.
तोंडातून आवाज निघाला की पन्नास रुपये दंड,
शिरोळे मॅडमचा नियम.
बोर्नव्हिटाचा डबा ठेवलाय त्यासाठी,
भरला की सगळ्यांना मिसळ.
दोन वर्षं झाली, मिसळ खाल्ली नाही.

कोइमतूरला,
दुसऱ्या थांब्याला,
इस्माईल मणेरनं डावं मागचं चाक ओढलं
आणि हब त्याच्या हातात किंचित फिरला.
जात्यात खडा यावा तसं काहीतरी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी दांडा धरून होतो; मला ते तळहातात आलं होतं.
मी त्याच्याकडे पाहिलं.
नवं चाक बसलं. नट. हात वर.
दोन पूर्णांक सात.

नंतरही वेळ होता, नव्हता असं नाही.
भिंतीपाशी जाऊन सांगता आलं असतं.
पण स्क्रीनवर सगळ्या रेषा हिरव्या,
कानाला हेडफोन लावलेली माणसं इंग्रजीत बोलत होती,
आणि मणेर बँकेतसुद्धा सही मराठीत करतो.
मी? मी आपला जॅक पुसत बसलो.

एकवीस सेकंदांची आघाडी होती.
अकरा फेऱ्या उरल्या होत्या.
सगळ्या गाड्या समोरून गेल्या,
आमची सोडून.

शाल्मलीनं बेअरिंग उघडलं तेव्हा
गोळ्या निळ्या पडलेल्या, जांभळासारख्या.
"कुणालाच काही जाणवलं नव्हतं?"
अठरा हात.
शब्द एक नाही.

आज गुरुवार. भोसरीत लाईट नसते.
लेथ बंद, पंखे बंद, स्क्रीन काळे,
पापडवाल्यांचाही खडखडाट नाही.
गाडी ठोकळ्यांवर, आम्ही टायरांवर बसलेलो,
चहा कधीचा संपलेला.
मणेर उठला.
मागच्या चाकाला हात घातला, फिरवलं.
सगळ्यांनी ऐकलं. दुसरं ऐकायला होतंच काय.

"हे नवीन," तो म्हणाला, "हे असं सरळ गुणगुणतं.
आणि तिथलं..."
त्यानं दातांच्या फटीतून एक आवाज काढला,
बारीक, खरखरीत.
शाल्मलीनं वही उघडली.
"परत कर."
तो लाजला. केला.
"सावकाश. परत."
आबा हसू लागले, मग थांबले,
आणि कान पुढे केला.

मी उठलो. फडताळावरचा डबा काढला,
पन्नासची नोट घडी करून आत टाकली.
सगळे बघत होते.
म्हणालो,
मलाही कळलं होतं.